पांदण रस्त्याला विचारून टायर घ्या



ज्या गावाला बारमाही सडक नाही, त्या गावात जुनी जीप ही चैनीची वस्तू नाही. श्रावणात अडलेली बाळंतीण, साप चावलेला सालदार, फवारणीत विषबाधा झालेला पोरगा, यांना फाट्यापर्यंत पोचवणारे तेवढे एकच वाहन असते. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातल्या सीजे, ५४०, कमांडर या गाड्या आता कारखान्यातून निघत नाहीत. आपल्या शिवारात मात्र अजून धावतात. त्यांचे इंजिन उघडणारा मिस्त्री तालुक्याला सापडतो. चूक होते ती टायर घेताना. कारण दुकानात जो सल्ला मिळतो, तो आपल्या रस्त्याचा नसतो, दुकानदाराकडे पडून असलेल्या मालाचा असतो.

पहिली गोष्ट रुंदीची. जुन्या जीपचे मूळ माप ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंदी आणि सोळा इंचांची रिम. हल्ली शहरातली हौशी मंडळी या गाडीला जाडजूड टायर चढवतात. ते पाहून आपली पोरेही हट्ट धरतात. पण जाड टायरला बहुधा रिम बदलावी लागते, स्टिअरिंग जड होते, बेअरिंगवर ताण येतो. टायर उंचीने मोठा असला तर चढावर गाडी दम सोडते आणि ब्रेकही कमी धरतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून मुरुमाला टेकतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो. जिथे काळी माती खोल आहे, तळ लागतच नाही, तिथे मात्र रुंद टायर तरतो. म्हणून आधी आपल्या पांदणीत पहार ठोकून पाहा, मग दुकानात जा.

दुसरी गोष्ट नक्षीची. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. लष्करी धर्तीचा टायर पुढे-मागे सारखाच ओढतो, मजबूतही असतो. पण चिकट मातीत त्याच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. खाचा रुंद आणि कडेला मोकळ्या असतील तर फिरता फिरता चिखल आपोआप झडतो. असा टायर डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो. बारा महिन्यांपैकी आठ महिने गाडी डांबरावरच धावत असेल, तर तोही हिशेब धरावा.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही ६.००-१६ मापाचा टायर येतो. तो जीपच्या रिमवर बसतो, म्हणून काही जण बसवतात. हे करू नका. त्याच्या गोल पट्ट्या ट्रॅक्टर वळवण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नव्हे. शिवाय शेतीच्या टायरवर ए६ लिहिले असेल तर तो ताशी ३० किलोमीटरसाठी, ए८ असेल तर ४० साठी बनवलेला असतो. दहा माणसे घेऊन जीप साठने निघाली आणि टायर फुटला, तर वाचवलेले पैसे कोणाच्या तेराव्याला लावायचे?

चौथी गोष्ट, चारही टायर एका मापाचे, एका जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढची-मागची चाके एकमेकांशी बांधली जातात. मागे नवे आणि पुढे गोटा झालेले टायर असले, तर तो ताण गिअरवर येतो. रेडियल आणि साधा टायर एकत्र घालू नये. चिखलात थोडी हवा कमी केली तर पकड वाढते. पण ट्यूबच्या टायरची हवा फार उतरवली तर ट्यूब सरकून वॉल्व्ह तुटतो. सडकेवर येताच हवा पुन्हा भरावी. खरेदी करताना कडेचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. जुना माल नव्याच्या भावाने घेऊ नका.

आता सरकारचा हिशेब. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि मोटारीच्या टायरवरचा २८ वरून १८ वर. कर उतरला, चांगले झाले. पण त्याच चिखलातून रोगी नेणाऱ्या जीपचा टायर सरकारच्या लेखी अजून शहरातल्या मोटारीचाच टायर आहे. चार टायरांसाठी किती क्विंटल कापूस मोजावा लागतो, हे दिल्लीच्या फायलीत कुठे लिहिलेले नसते.

आणि टायर कितीही चांगला घेतला तरी तो रस्ता नव्हे. राज्य सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. आपल्या गावाची पांदण त्या यादीत चढली का, मुरूम पडला का, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा. आम्हाला सवलतीचा टायर नको. साध्या टायरवर चालता येईल असा रस्ता हवा. तो होईपर्यंत टायर निवडताना शहराची हौस पाहू नका, आपल्या मातीची जात पाहा.