पोराच्या शेळ्या अन् बापाचा बोकड



परवा बाजारात चहा पिताना एक जाणता माणूस म्हणाला, "शेळीपालन वहीत होत नसतं, गोठ्यात होत असतं. ही आजकालची पोरं लिहीत बसतात, म्हणून बुडतात." चारजण हसले. तीन वर्षांमागं मीही हसलो असतो. परवा नाही हसलो, उलट तिथंच वाद घातला अन् चहा गार झाला. तोच वाद आज इथं सविस्तर घालतो. ज्यांना राग येईल त्यांनी आधी पूर्ण वाचावं.

माझं पोरगं लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी आलं. २०२० च्या दसऱ्याला त्यानं स्वतःच्या साठवलेल्या पैशातून दहा उस्मानाबादी शेळ्या अन् एक बोकड आणला. अडीच वर्षं सांभाळल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये सगळ्या विकून चाकणला कंपनीत गेलं. जाताना एवढंच म्हणालं, "अप्पा, परवडत नाही." गावानंही तेच धरलं. अजून कुणी शेळीचा विषय काढला की लोक आमच्या घराकडं बोट दाखवतात.

त्याच्या फोनमध्ये हिशोब होता. जनावरं ८७,०००. जुन्या गोठ्याला जाळी, खांब, गव्हाणी २८,०००. पेंड, मका, औषधपाणी ६१,०००. खर्च झाला १,७६,०००. जमा बाजूला अडीच वर्षांत विकलेली २२ करडं, त्याचे १,०४,०००, अन् शेवटी सात शेळ्या नि बोकड काढला त्याचे ७२,०००. बेरीज तीच, १,७६,०००. म्हणजे अडीच वर्षं राबून हातात शून्य. कुठलंही पोरगं जाईल हो अशानं.

पण दहा आणल्या अन् सात विकल्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. ध्यानात आलं ते सहा महिन्यांनी, तेही घरातल्या बाईमुळं. ती म्हणाली, "तीन तुम्ही पेरणीला विकल्या नव्हत्या का?" मग आम्ही दोघं बसलो. तिच्या डोक्यात सगळं होतं, कोणती कधी व्याली, कोणाला काय दिलं. औषधाच्या दुकानाच्या पावत्या काढल्या, पोराकडून फोनमधले फोटो तारखेसकट मागवले. दोन रात्री लागल्या.

निघालं ते असं. माघातल्या जत्रेला दोन वर्षं एकेक बोकड कापला, तेव्हाच्या बाजारभावानं १६,०००. लेकीच्या पोराच्या जावळाला एक, ९,०००. मोटर जळाली तेव्हा रिवाइंडिंगला एक बोकड मी परस्पर दिला, ८,५००. बहिणीला एक पाट दिली, ४,५००. २०२२ च्या पेरणीला बी-खतासाठी तीन शेळ्या विकल्या, २१,०००, ते पैसे माझ्या खिशात. अन् लेंडीखताच्या तीन ट्रॉल्या माझ्या सोयाबीनच्या रानात गेल्या, ट्रॉलीला ३,५०० धरले तर १०,५००. सगळं मिळून ६९,५००.

तीस महिन्यांनी भागा. महिन्याला २,३०० च्या आसपास पडतात. ही काही मोठी कमाई नाही, मी उगाच फुगवून सांगणार नाही. दहा शेळ्यांवर कुणाचं घर चालत नाही. पण तो तोटा नव्हता. पोरगं "परवडत नाही" म्हणून गेलं ते चुकीच्या आकड्यावर गेलं, अन् तो आकडा चुकवला मी. चोरी म्हणा की हक्क म्हणा. त्याला सगळं दिसत होतं, पण बापाला विचारायचं कसं? फोनमध्ये त्यानं फक्त रोख लिहिली. जे रोखीत आलं नाही ते त्याच्या लेखी झालंच नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की पोरांच्या शेळीपालनात वही पाहिजे ती बँकेसाठी नाही, योजनेच्या साहेबासाठीही नाही. ती घरातल्या माणसांपासून पाहिजे. कडू आहे, पण असंच आहे.

आता योजनेच्या वह्यांचं बोलतो. दहा अधिक एकची योजना असू द्या नाहीतर राष्ट्रीय पशुधन अभियानातली शंभर अधिक पाचची, प्रशिक्षणात नोंदवह्यांचा एक तास असतोच. पैदास नोंदवही, जन्म नोंदवही, मृत्यू, औषध, लसीकरण, चारा, खरेदी-विक्री. प्रत्येकाला वेगळं रजिस्टर. नवीन पोरगं उत्साहानं सात वह्या आणतं, कव्हर घालतं, पंधरा दिवस लिहितं, मग बंद. पुढं तपासणीचा फोन आला की आदल्या रात्री बसून दोन वर्षं भरून काढतं. मी अशी वही पाहिली आहे. एकच पेन, एकच अक्षर, एका पानावरसुद्धा लेंडीचा डाग नाही, अन् तिच्यात एकही करडू मेलेलं नाही. तपासणाऱ्यानं सही करून दिली. गोठ्यातल्या वहीला गोठ्याचा वास नसेल तर ती कादंबरी आहे. पशुधन खात्यातले अन् कृषीतले बरेचजण हे पान वाचतात, त्यांना हात जोडून विनंती, फाईल मागू नका. गोठ्यात उभं राहून कालचं पान मागा.

अन् मोबाईलवरचे ते व्हिडिओ. दहा शेळ्या, वर्षाला दोन वेत, वेताला दोन करडं, झाली चाळीस करडं, गुणिले सहा हजार. अहो, शेळी पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस गाभण राहते. दोन वेतांचे तीनशे दिवस गेले. उरले पासष्ट. त्यात तिनं दोनदा करडं पाजायची, अंग भरायचं अन् पुन्हा माजावर यायचं? चांगली सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीन वेत देते, तिथंच हात जोडावेत. आमच्या दहांना (पुढं सातांना) अडीच वर्षांत ३८ करडं झाली. त्यातली ११ मेली. हा खरा आकडा मला आधी माहीत असता तर पोराला सुरुवातीलाच शांत बसवून सांगितलं असतं.

त्या अकरांचं ऐका, कारण वही नसली की काय होतं ते इथं कळतं. आम्ही म्हणायचो, "करडं मरतातच." पावत्या अन् फोटो लावून बघितले तर अकरातली आठ पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात जन्मलेली होती. ओला गोठा, हगवण, गारठा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये बोकड वेगळा बांधला असता तर त्या दिवसांत शेळ्या व्यायल्याच नसत्या. खर्च किती? एक दावं. दोन पावसाळे तेच झालं अन् दोन्ही वेळा आम्ही नशिबाला बोल लावला.

त्याहून मोठी चूक तीन शेळ्या विकताना झाली. मी अन् व्यापाऱ्यानं डोळ्यानं निवडल्या. ज्या तीन हाडं दिसत होती त्या काढल्या, तजेलदार होत्या त्या ठेवल्या. पुढं कळलं, त्या तिन्ही जुळी पाजत होत्या म्हणून उतरल्या होत्या. अन् ठेवलेल्यांत एक अशी निघाली की अडीच वर्षांत एकदाच व्याली, तेही एकच करडू. गाभण न राहणारी शेळी कळपात सगळ्यात देखणी दिसते. डोळा फसतो. प्रत्येक शेळीपुढं तिची वेतं लिहिलेली असती तर मी फसलो नसतो. चाळीस वर्षं जनावरात गेली माझी.

जुनी माणसं म्हणतात, जनावर मोजू नये, नजर लागते. माझी आईही म्हणायची. आई, नजर लागली ती न मोजल्यानं.

मग लिहायचं काय अन् किती? माझ्या मते वही एकच, दोनशे पानी. प्रत्येक शेळीला एक पान अन् मागं पैशाची पानं. शेळीच्या पानावर असं काहीतरी:

क्र. ७. काळी, उजव्या कानावर पांढरा ठिपका. कानातला बिल्ला आहे. १२ जुलै भरवली, बोकड क्र. २. ९ डिसेंबर व्याली. नर १, मादी १. वजन २.१ अन् १.९. चीक पाजला. आंत्रविषाराची लस कधी, जंताचं औषध कधी. करडांचं पुढं काय झालं.

बस. भरवल्याची तारीख असली की व्यायची तारीख बोटावर निघते, त्या रात्री माणूस गोठ्यात पाहिजे की नाही ते कळतं. बोकडाचा नंबर असला की बाप-लेकीचा मेळ टळतो. दोन वर्षांवर एकच बोकड ठेवला अन् पाटी घरच्याच वाढवल्या तर कोणती कुणाची हे तोंडी राहत नाही. पीपीआरची लस एकदा दिली की तीन वर्षं बघावं लागत नाही असं डॉक्टर सांगतात, पण कधी दिली हेच आठवत नसेल तर तीन वर्षं मोजणार कुठून? आंत्रविषाराची दरसाल पावसाच्या आधी द्यायची, ती आम्ही २०२२ ला दिली की नाही, घरात आजही दोन मतं आहेत. बिल्ल्याचा नंबर तर लिहाच. विमा काढलेली शेळी मेली अन् कानात बिल्ला नसला तर दावा होत नाही. बिल्ला कानातून पडला तर निदान वहीत नंबर हवा, म्हणजे वेळेत कळवून दुसरा मारून घेता येतो.

बकरी ईदचंही तसंच. बोकड वर्षाचा पुरा, दोन दाती लागतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२४ ला १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. म्हणजे २०२५ च्या ईदला जो बोकड द्यायचा त्याची आई २०२४ च्या संक्रांतीच्या आधीच फळलेली पाहिजे होती. हे तारखा लिहिणाऱ्यालाच जमतं. बाकीचे ईदच्या आधी दहा महिन्यांचा बोकड घेऊन बाजारात जातात, अन् गिऱ्हाईक दात बघून सोडून देतं. वजनाचा काटाही ठेवा, ताणकाटा फार महाग नाही. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबतो तेव्हा आपल्याला किलो माहीत असले की बोट कुठं सोडवायचं ते कळतं.

पैशाच्या पानावर तीन रकाने लागतात. जमा, खर्च, अन् तिसरा "घरी". बाजारात न जाता जे घरी गेलं ते तिथं, त्या दिवसाच्या भावानं. दूध, लेंडीखत, जत्रेचा बोकड, पाहुण्यांचा बोकड, मानाची पाट. उलटंही लिहा. बापाच्या रानातला कडबा, तुरीचं भुसकट, बांधावरची शेवरी खाल्ली तर ती खर्चात धरा. नाहीतर पोरगंही खोट्या नफ्यावर नाचेल, अन् मग आम्ही बाप लोक वहीचं नाव काढू देणार नाही. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण फोन पोराच्या खिशात असतो. वही खिळ्याला टांगलेली असते, ती घरातल्या सगळ्यांना दिसते. मला टांगलेलीच बरी वाटते.

कुणी म्हणेल, घरात हिशोब कसले मांडता, बाप-लेक का परके आहेत? मीही हेच म्हणत होतो. पण मी उसाच्या टोळीला उचल देतो तेव्हा लिहून ठेवतो, दूध डेअरीला घालतो तर फॅट लिहून घेतो. मग पोराच्या अडीच वर्षांचंच तेवढं तोंडी का? सगळा आकडा मी त्याला फोनवर सांगितला. बराच वेळ काही बोललं नाही. मग म्हणालं, "आता काय उपयोग, अप्पा." परत येईल असं वाटत नाही, अन् मी त्याला आग्रहही करत नाही.

धाकट्या भावाच्या पोरीनं, बारावी झाली तिची, गेल्या वर्षी पाच शेळ्या घेतल्या. वही खिळ्याला टांगलीय, पेन सुतळीनं बांधलंय. मीच तिला तिसरा रकाना आखून दिला. या माघात जत्रेला बोकड लागला म्हणून मी तिच्या गोठ्यात गेलो. तिनं काट्यावर चढवला, किलोचा भाव लावला अन् म्हणाली, "साडेआठ हजार, अप्पा." मी म्हणालो, अगं घरचा बोकड आहे. ती म्हणाली, "म्हणूनच 'घरी' लिहिते, बाजारात नेला असता तर 'जमा' लिहिलं असतं." मी आठ हजार दिले. वहीत माझ्या नावावर पाचशे बाकी आहेत.