बारदानातली अहिंसा



आपण पाणी गाळून पितो, धान्य निवडताना सापडलेला सोंडा अलगद बाजूला ठेवतो. आणि घरचं मांजर आजारी पडलं की? दुकानातलं रिकामं बारदान आणतो, त्यात तिला कोंबतो, तोंड सुतळीने आवळतो आणि स्कूटरवर पायाशी ठेवून निघतो. शिरूरमध्ये मी स्वतः हेच केलंय, म्हणून बोलते. दवाखान्यात बारदान सोडलं तेव्हा आमची मनी तोंड उघडून धापा टाकत होती. भीतीने तिने अंगाखाली ओलं केलं होतं. मग मानेची कातडी धरून तिला टेबलावर दाबलं, पाय मी धरले. घरी आल्यावर दोन दिवस ती कोठीमागून बाहेर आली नाही.

दौंडच्या नणंदबाई म्हणाल्या, "औषधासाठीच नेलंस ना? मग पाप कसलं?" मला हे पटत नाही. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी आठवतो. त्यातला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला घट्ट बांधणं, कोंडणं. हेतू चांगला होता म्हणून यतना सुटत नाही.

आणि यतनेला खर्च लागतो असंही नाही. बाजारातले भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधा, झाला पिंजरा. तो आठवडाभर आधी घरातच उघडा ठेवा, आत तिच्या वासाची जुनी चादर घाला, खाणंही तिथेच द्या. निघताना वरून ओढणी टाका, कारण दिसलं नाही की भीती कमी होते. दवाखान्यात कुत्र्यांच्या शेजारी, जमिनीवर ठेवू नका. डॉक्टरांना हात जोडून सांगा, वरचा क्रेट काढून तिला खालच्यातच तपासा. गरज पडली तर टॉवेलमध्ये सैल गुंडाळा. पिल्लाला आई मानेला धरून उचलते, पण मोठ्या मांजराला तसं धरू नये, असं मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२च्या मार्गदर्शनात सांगितलंय. घाबरल्या मांजराची रक्तातली साखर आणि नाडीही वाढते, म्हणजे तपासणीसुद्धा चुकू शकते.

"आणि चावली तर?" चावते ती दाबलेली मांजर. तरीही दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. हळद लावून बसू नका.

याहून वाईट दुसरी तऱ्हा. "तिच्या कर्माचा भोग" म्हणून दवाखान्यात न्यायचंच नाही, किंवा घरातली तापाची गोळी चारायची. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. पांजरपोळाला देणगी देणाऱ्या घरात हे घडावं?

मनीला पुन्हा न्यायचं होतं तेव्हा क्रेट केला. ती ओरडली, पण धापा टाकल्या नाहीत. संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. मग कोठीमागे लपलेल्या त्या एका जिवाची आठवण ठेवूया, आणि बारदान दुकानातच राहू द्या.