इंग्रजीत ‘नाही’ म्हणायला शिका, ऑर्डर टिकेल



इंग्रजी कच्चं म्हणून ऑर्डर जाते, असं बरेच जण म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. बऱ्याचदा ऑर्डर जाते ती इंग्रजीत स्पष्ट ‘नाही’ सांगता येत नाही म्हणून.

समजा, परराज्यातला खरेदीदार विचारतो, शुक्रवारपर्यंत ५०० बॉक्स मिळतील का? तुमच्याकडून होतील ३००. आपल्या माणसाला आपण ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणतो. त्यातलं ‘नाही’ त्याला कळतं. तेच ‘वी विल ट्राय’ म्हणून गेलं, की समोरचा ५०० धरून पुढे तारीख देऊन बसतो. शुक्रवारी ३०० निघाले की खोटे ठरता तुम्ही.

म्हणून तीन प्रकारचं ‘नाही’ वेगळं ठेवा.

१. आपल्याला जमणार नाही: ‘वी वोन्ट बी एबल टू डिलिव्हर ५०० बॉक्सेस बाय फ्रायडे.’ फोनवर नुसतं ‘वी कान्ट’ही चालतं. पण ‘वी कान्ट एबल टू’ नको. ‘कॅन’ आणि ‘एबल’ दोन्हींचा अर्थ ‘शकणे’. एका वेळी एकच घ्या.

२. कुणालाच शक्य नाही: ऑक्टोबरमध्ये कोकणातला ताजा हापूस मागितला, तर ‘इट इज नॉट पॉसिबल’ म्हणा आणि लगेच कारण द्या, हंगाम नाही. नुसतं ‘इम्पॉसिबल’ म्हटलं तर तोडून बोलल्यासारखं वाटतं.

३. जमेल, पण करत नाही: ‘वी डोन्ट गिव्ह ९० डेज क्रेडिट.’ इथे ‘कान्ट’ म्हटलंत, की समोरचा घासाघीस सुरू करतो. शिवाय तुमची सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदणी असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

आणि ‘नाही’वर कधीच थांबू नका. पुढचं वाक्य ‘बट वी कॅन’ने सुरू करा: ‘बट वी कॅन सेंड ३०० बाय फ्रायडे अँड २०० बाय ट्यूझडे.’ धंदा या वाक्यात आहे.

नाही म्हटल्याने गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते ना? एखादं तुटेलही. पण खोटी तारीख दिली, की ते परत येत नाही आणि चार जणांना सांगतं.

आज एक काम करा. तुमच्या धंद्यातली तीन ‘नाही’ची वाक्यं ‘बट वी कॅन’सकट लिहा, मोठ्याने दहा वेळा म्हणा आणि फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.