जसे आहे, जिथे आहे

माणसाच्या हातात एकरकमी पैसा आयुष्यात दोनदाच येतो. एकदा लग्नात आहेराचा आणि एकदा निवृत्तीत ग्रॅच्युइटीचा. पहिला मंडपवाला आणि आचारी परस्पर नेतात. दुसरा कोणी न्यायचा हा प्रश्न उरू नये म्हणून परमेश्वराने मेहुणा ही सोय करून ठेवली आहे.

मी बत्तीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला आणि निवृत्त होऊन वडनेरला घरी बसलो. हिंगणघाट तालुक्यातले हे आमचे गाव नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. पूर्वी या रस्त्याला सात नंबर म्हणत आणि तो वाराणसीहून कन्याकुमारीला जाई. २०१० साली सरकारने महामार्गांचे आकडे बदलले. तेव्हापासून तो चव्वेचाळीस नंबर झाला आणि श्रीनगरहून येऊ लागला. रस्ता तोच, धूळ तीच, पण आमची सोयरीक एकदम काश्मीरशी जुळली. रात्री दहानंतर निळे दिवे लावलेल्या लग्झरी गाड्या एकामागून एक जातात आणि राष्ट्रीय एकात्मता आम्हाला पहाटेपर्यंत हॉर्नमधून ऐकू येते. या गाड्या आमच्यासाठी थांबत नाहीत. न थांबणाऱ्या गोष्टीबद्दल माणसाला आदर वाटतो. आमच्या मेहुण्याला तर भक्तीच वाटते.

एके दिवशी तो मोबाइल नाचवत आला.

“भाऊजी, काऊन असे बसून रायले बाप्पा? हे पाहा. सोनं हाय सोनं!”

मोबाइलमध्ये एक बस होती. मी तसे म्हणताच तो दुखावला.

“बस काय म्हन्ता? बस तं यष्टीची असते. हे मोटरकोच हाय. लग्झरी!”

चित्रे पाहून मीही थोडा विरघळलो हे कबूल करतो. आत गोल फिरणाऱ्या चार खुर्च्या, लांब सोफे, मागे पलंग, बाजूला न्हाणीघर, फ्रिज, छताला आरसे आणि त्या आरशांत दुप्पट झालेले साठ-सत्तर दिवे. आमच्या घरात एवढे दिवे फक्त दिवाळीला लागतात, आणि तेव्हाही फ्यूज जातो.

साध्या बसगाड्या घेऊन त्यांचे राजवाडे करून देणारी एक कंपनी होती. ती बुडाली. दिवाळखोरीचा नवा कायदा २०१६ साली झाला. त्यानुसार तिच्यावर लिक्विडेटर नेमला गेला आणि तो आता कारखान्यातल्या टेबल-खुर्च्यांपासून या राजवाड्यापर्यंत सगळे लिलावात काढत होता.

“नवी कराले गेलं तं किती लागते मालूम हाय? आपल्याले अकरा लाखात भेटून रायली! लगनात नवरदेव नेऊ, शेगाव करू, शिर्डी करू, ताडोब्याले पाहुणे नेऊ. दोन वर्षांत पैसा वसूल!”

सौ. आतून म्हणाली, “मंग पंढरपूरले नेसान काय मले तिच्यात?” आणि माझा शेवटचा बुरूज ढासळला.

पन्नास हजार अनामत भरली. पंचेचाळीस माझे, पाच मेहुण्याचे, आणि भागीदारी निम्मी-निम्मी. लिलावाआधी गाडी पाहायला दोन दिवस दिलेले होते. ते दोन्ही दिवस मेहुणा एका लग्नात होता. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण आपल्या पूर्वजांनी ई-लिलाव पाहून तर केली नसेल ना, असा मला संशय आहे. दुसरा कोणी बोली लावायला आलाच नाही. गाडी आमच्या नावे सुटली. मेहुण्याने पेढे वाटले. लिलावात आपण एकटेच होतो ही आनंदाची बातमी आहे की इशारा, हा विचार मला पेढा खाऊन झाल्यावर सुचला.

त्या रात्री लिलावाच्या अटी नीट वाचल्या. गाडी ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे, जी काही आहे ती, आणि मागाहून दाद न मागण्याच्या अटीवर’ विकली जात होती. एखाद्या आश्रमाच्या दारावर हे वाक्य असते तर मी चपला काढून आत गेलो असतो. लिलावाच्या कागदावर होते म्हणून घाम फुटला. बाकीचे पैसे भरायला मुदत होती. मी ठरवले, आधी गाडी पाहायची.

बरोबर रस्त्याकाठच्या गॅरेजातले मिस्त्री घेतले. हा मनुष्य उभ्या आयुष्यात गाड्यांच्या खाली आडवा पडलेला. जगाकडे खालून पाहत असल्यामुळे त्याला ते खरे दिसते.

कारखान्याच्या आवारात गवत कमरेइतके वाढले होते आणि त्यात तो राजवाडा उभा होता. मेहुण्याने आत शिरून खुर्चीत एक गिरकी घेतली. मिस्त्रींनी खुर्चीकडे पाहिलेसुद्धा नाही.

“मास्तर, दिवे किती हायेत ते नका पाहू. तारा पाहा.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हरने भिंतीची एक फळी सैल केली. वरून रेक्झिन, मग फोम, मग प्लायवूड आणि त्यामागे तारा. सत्तर दिवे, फ्रिज, टीव्ही, एसी, सगळ्यांच्या तारा एकाच लाल रंगाच्या, कंगव्याशी वैर धरलेल्या केसांसारख्या.

“हिचा वायरिंगचा नकाशा?” मी पहारेकऱ्याला विचारले.

“ज्यानं जोडल्या त्याच्या डोक्यात असन, साहेब.”

“तो कुठे असतो?”

“गेला गावाले. चार महिन्यांचा पगार नव्हता भेटला त्याले.”

मग मिस्त्री बाहेरून एक चक्कर मारून आले आणि मला हात धरून घेऊन गेले. गाडीच्या बाजूला ठळक लाल अक्षरांत लिहिले होते: संकटकालीन दरवाजा. आत येऊन पाहिले तर त्या जागी आरशाचे कपाट.

“भायेरून दार हाय मास्तर, अंदरून कपाट हाय.”

“पन सागवानी हाय,” मेहुणा म्हणाला.

नोंदणीपुस्तक पाहिले. पुस्तकात बेचाळीस आसनांची साधी बस होती, समोर चार खुर्च्यांचा महाल. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत मनाला येईल तसा करता येत नाही. बस बांधायची कशी, दारे किती आणि कुठे, यासाठीही बस बॉडी कोड आहे. म्हणजे कागदावरची गाडी आणि डोळ्यांपुढची गाडी या दोन वेगळ्या गाड्या होत्या, आणि आम्ही यांपैकी कोणती विकत घेत आहोत हे सांगणारा कोणी हयात नव्हता.

वाचकहो, आता माझे भांडण नीट मांडतो.

जुन्या वस्तूशी माझे भांडण नाही. मी स्वतः जुना आहे. आमच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वयाने त्याच्या मुलाहून मोठा आहे आणि कामाला मुलाहून बरा. तो बिघडला तर हिंगणघाटला सुटा भाग मिळतो, कारण तो जसा कारखान्यातून निघाला तसाच आहे आणि त्याला ओळखणारे शंभर मिस्त्री आहेत. जुनेपण हा दोष नव्हे. पोरकेपण हा दोष आहे. आपल्याकडे पुष्कळ बसगाड्यांचा सांगाडा एका कंपनीचा असतो आणि वरची बॉडी दुसऱ्याने बांधलेली असते. त्यावर तिसऱ्याने राजवाडा चढवला आणि तो तिसरा दिवाळखोर होऊन निघून गेला, की पहिले दोघे हात वर करतात, आणि तेही रास्तच. त्यांनी कपाट बसवले नव्हते.

दिवाळखोरीच्या कायद्याशीही माझे भांडण नाही. बुडालेल्या कारखान्याची भांडीकुंडी विकलीच पाहिजेत. त्या पैशातूनच बँकांचे आणि त्या पगार न मिळालेल्या वायरमनचे काही सुटले तर सुटेल. लिक्विडेटर तरी काय करणार? त्याने गाडी बांधलेली नाही. हमी तो कशाची देणार? ‘जसे आहे, जिथे आहे’ हे वाक्य त्याच्या बाजूने प्रामाणिकच आहे.

माझे भांडण एवढेच आहे की हे वाक्य मी वाचतो, सही मी करतो आणि गाडीत तिसराच बसतो. दाद मागणार नाही असे मी लिहून दिले. नवरदेवाच्या आत्याने दिले नव्हते. सोफ्यावर झोपलेल्या पोराने दिले नव्हते. त्यांनी फक्त निळे दिवे पाहिले.

आमचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “काका, आमच्याकडे अशा बुडालेल्या कंपन्यांच्या गाड्या लोक हौसेने घेतात.” ऑरेगन राज्यातली मोनॅको कोच ही मोठी कंपनी मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी तिच्या गाड्या पुढेही रस्त्यावर धावत राहिल्या. मालक लोक संघ काढतात, नकाशे एकमेकांना देतात, तारा स्वतः तपासतात. मी विचारले, “त्यात झोपतं कोण?” तो म्हणाला, “मालकच. नवरा, बायको आणि कुत्रा.” झाले! ज्याने जोखीम विकत घेतली तोच तिच्यावर उशी ठेवून झोपतो. आमचा बेत असा होता की मालकाने वडनेरला आपल्या खाटेवर झोपायचे आणि गाडीत दुसऱ्याची लेक झोपवायची.

१ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. त्यात आमच्या वर्धा जिल्ह्यातलीही होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरजवळ एक खासगी बस जळाली, तेव्हा साध्या बसची वातानुकूलित बस कशी आणि कोणी केली, हा प्रश्न पुढे आला. त्याच महिन्यात कर्नूलजवळ हैदराबाद-बंगळूर बस जळाली, ती तर आमच्याच चव्वेचाळीस नंबरवर. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे. पण आग लागल्यावर माणसाचा प्रश्न सगळीकडे एकच असतो: दार कुठे आहे? आणि त्याचे उत्तर ‘सागवानी आहे’ हे होऊ शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, आणि ते फार मोठे नाही. अशी रूपांतर केलेली गाडी चालती गाडी म्हणून विकायची असेल तर तिच्याबरोबर तीन कागद द्या: बदलाची मंजुरी, बॉडीचे मंजूर रेखाचित्र आणि तारांचा नकाशा. हे नसतील तर तिला भंगार म्हणा. लोखंडाचा भाव येईल, इंजिनाचा येईल, गोल खुर्च्या कोणी केशकर्तनालयवाला आनंदाने नेईल. फक्त ती रस्त्यावर येऊ नये.

हे मी परतीच्या वाटेवर मेहुण्याला समजावले.

“भाऊजी, येवढे कागद पाह्यत बसलं तं दुनियेत कोनी धंदाच नाई करन. सगळेच असं करते.”

“म्हणूनच तर विचारतो आहे.”

“कपाट काढून टाकू.”

मागून मिस्त्री म्हणाले, “कपाट निघन. त्याच्यामागून दोन तारा गेल्या हायेत, त्या कायच्या हायेत ते कोन सांगन?”

मेहुणा गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्याची ही माझ्या लग्नानंतरची दुसरी वेळ. पहिली त्याच्या मॅट्रिकच्या निकालाची.

आम्ही बाकीचे पैसे भरले नाहीत आणि अटीप्रमाणे अनामत जप्त झाली. मागाहून दाद न मागण्याचे आम्ही कबूल केलेच होते. पंचेचाळीस हजार गेल्याचे दुःख मी करतो आणि पाच हजार गेल्याचे मेहुणा करतो. त्याचे जास्त ऐकू येते. तो दिवाळीला आला नाही. सौ. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मिस्त्रींची बायको येऊन कपाटाची गोष्ट सांगून गेली, तेव्हा चहा मिळाला.

पंढरपूरला आम्ही एस. टी.ने जायचे ठरवले आहे. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे सौ.चा प्रवास माझ्यापेक्षा स्वस्त आणि रुबाब दुप्पट असतो. आता मी गाडीत चढलो की आधी संकटकालीन दरवाजा शोधतो. लग्झरीने मला लावलेली ही सवय. परवा हिंगणघाटच्या गाडीत बसलो, तर त्या दाराशी एका म्हाताऱ्याने हरभऱ्याचे पोते आडवे टाकलेले.

“बाबाजी, पोतं जरा सरकवता का?”

“काहाले? इथं उतराचं हाय का तुमाले?”

“उतरायचं नाही. पण उतरता आलं पाहिजे.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले की भूगोलाच्या मास्तरांचे शेवटी असेच होते. पण पोते सरकवले.