जुनी पिकअप घेताना इंजिनाची पारख

धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापूस नेण्यासाठी जुनी पिकअप घेणारा शेतकरी बहुधा रंग, टायर व किंमत पाहतो. इंजिनाचा विचार मागाहून करतो. हा क्रम उलटा असावा. यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन धूर अधिक सोडते, परंतु गावचा मिस्त्री ते उघडून दुरुस्त करू शकतो. कॉमन रेल इंजिन जोमदार खरे. मात्र अशुद्ध डिझेलने त्याचे इंजेक्टर बिघडतात व दोष शोधण्यास संगणकयंत्र लागते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणाही वाढली आहे. म्हणून ज्याची दुरुस्ती तालुक्यात होते तेच इंजिन घेणे हिताचे. ते थंड असतानाच सुरू करवून पाहावे. चालू इंजिनाचे तेलाचे झाकण काढताच धुराचा झोत उसळल्यास सौदा टाळावा. ऐन वेचणीत बंद पडणारी गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.