पित्ताशय आणि तपश्चर्या

चातुर्मासात ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या उपाश्रयांत आयंबिल, अठ्ठाईची आराधना चालते. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस स्रवते. पित्ताशय तो साठवून दाट करते आणि स्निग्ध अन्न आतड्यात उतरताच आकुंचन पावते. निराहारात वा तूप-तेलविरहित आयंबिलात हे आकुंचन मंदावते, पित्त साचून राहते. म्हणून ज्यांना खडे आहेत, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

खडा पित्तनलिकेत अडकला, तर बिलिरुबिन हे त्याज्य द्रव्य मलावाटे जात नाही, रक्तात साठते. डोळे पिवळे, मूत्र गडद, मल पांढुरका, अंगाला खाज. त्यात थंडी-ताप आल्यास पारण्यापर्यंत थांबू नये. यकृतालाच धोका असतो.

आणि तेल-लिंबू पिऊन पडणारे ते हिरवट ‘खडे’? बहुधा साबणासारखे थिजलेले तेलच.