भार किती, आणि किती वेळा?

पोलादाचा गज किती भार सहन करतो, याचे गणित आपण शिकतो. भाराला गजाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागतो आणि आलेला आकडा कोष्टकाशी ताडून पाहतो. आकडा मर्यादेत असला, की गज सुरक्षित! हे गणित चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. तोच भार किती वेळा पडणार, हा प्रश्न आपण विचारतच नाही. वाहने, यंत्रे आणि पूल यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. म्हणून तो शाळेतच विचारला जावा, असे मला वाटते.

रेल्वेच्या डब्याचा आस चाकांबरोबर फिरतो. डब्याच्या वजनाने तो किंचित वाकलेला असतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा एखादा बिंदू वर असताना ताणला जातो, तर खाली गेला की दाबला जातो. चाकाचा व्यास 915 मिलिमीटर धरला, तर मुंबई ते पुणे या 192 किलोमीटरांत आस सुमारे 67 हजार वेळा फिरतो. गाडी रोज एकदा जाऊन परत येत असेल, तर 75 दिवसांत त्या बिंदूवर ताण आणि दाब यांची एक कोटी आवर्तने होतात!

अशा आवर्तनांचा परिणाम काय होतो, हे 8 मे 1842 रोजी जगाला कळले. त्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या एका एंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. ठरलेलाच भार वाहणारा आस असा एकाएकी का मोडावा? पुढे जर्मन रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर याने 1870 पर्यंत अनेक वर्षे आसांवर आणि धातूच्या तुकड्यांवर प्रयोग केले. एका वेळी सहज पेलणारा भारही लाखो वेळा दिला तर धातू तुटतो, हे त्याने दाखवून दिले. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात.

शब्द माणसाकडून घेतलेला असला, तरी एक फरक लक्षात ठेवावा. माणसाचा शीण विश्रांतीने जातो, धातूचा जात नाही. प्रत्येक आवर्तनात पृष्ठभागाजवळचे काही स्फटिककण सूक्ष्म प्रमाणात घसरतात. त्यातून केसाहून बारीक भेग पडते आणि ती आवर्तनागणिक थोडी थोडी पुढे सरकते. थेंबे थेंबे तळे साचे, तसाच हा प्रकार. शेवटी उरलेल्या भागाला भार पेलवत नाही आणि तुकडा क्षणात तुटतो. तुटलेल्या पृष्ठभागावर भेग सावकाश वाढली तो भाग बहुधा गुळगुळीत असतो. त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेषाही अनेकदा दिसतात. शेवटी तुटलेला भाग मात्र खडबडीत असतो.

यावर कोणी म्हणेल, "मग अधिक मजबूत पोलाद वापरा, म्हणजे झाले!" गुळगुळीत, अखंड तुकड्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु वेल्डिंगच्या सांध्यापाशी हे उत्तर लंगडे पडते. वेल्डिंगचा धातू मूळ पत्र्याला जिथे मिळतो, त्या कडेशी आकार एकदम बदलतो. त्यामुळे तिथे ताण एकवटतो. तिथे मळीचे सूक्ष्म कण आणि बारीक खाचाही राहून गेलेल्या असतात. शिवाय सांधा निवताना आकसतो आणि बाहेरचा भार नसतानाही आत ताण अडकून राहतो. म्हणजे भेग सुरू होण्यास लागणारा काळ जवळजवळ वाचतोच. ती फक्त वाढायची बाकी असते. ही वाढ साध्या पोलादात आणि भारी पोलादात जवळपास सारख्याच वेगाने होते. म्हणून दुप्पट ताकदीचे पोलाद आणले, तरी नुसत्या वेल्ड केलेल्या सांध्याची शिणवटा सोसण्याची शक्ती फारशी वाढत नाही. उलट ताणातला चढउतार निम्मा केला, तर सांध्याचे आयुष्य साधारण आठपट होते. सांध्याची कड घासून तिला सौम्य उतार दिला, तरीही बराच फायदा होतो.

सांधा लहान म्हणून दुर्लक्ष केले, तर काय घडते? 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर एल. किलंड' हा नॉर्वेचा तरंगता तळ वादळात उलटला. तेलक्षेत्रावरच्या कामगारांच्या निवासासाठी तो वापरला जात होता. त्यावरील 212 जणांपैकी 123 जण मृत्युमुखी पडले. पाच खांबांच्या या तळाच्या एका आडव्या नळीला, पाण्यातील ध्वनी टिपणारे उपकरण बसवण्यासाठी, एक छोटा आधार वेल्ड केलेला होता. त्या सांध्याची जाडी अवघी 6 मिलिमीटर! तो आधार भार वाहणारा भाग मानलाच गेला नव्हता. भेग तिथून सुरू झाली. ती नळी तुटताच खांबाच्या इतर नळ्या तुटल्या, खांब निखळला आणि सुमारे वीस मिनिटांत तळ उलटला. चौकशीत त्या भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे रंग दिला गेला, तेव्हाच तिथे तडा होता! दर सहा सेकंदांना एक लाट धरली, तर वर्षाला बावन्न लाखांहून अधिक लाटा होतात. त्या तड्याला एवढी आवर्तने पुरेशी होती.

या घटनेचा आपल्याशीही संबंध आहे. सायकलच्या चौकटीला किंवा ट्रॉलीच्या सांगाड्याला "इथे एक टाका मारून दे" असे आपण सहज सांगतो. बळकटीसाठी जोडलेली पट्टीदेखील भेगेला नवी जागा देऊ शकते, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. भार वाहणाऱ्या भागावर कोणताही सांधा क्षुल्लक नसतो. तो करणारा कारागीर आणि तो तपासणारा निरीक्षक यांचे काम आराखडा काढणाऱ्या अभियंत्याच्या कामाइतकेच मोलाचे आहे. आपल्या रेल्वेत रुळांची आणि आसांची श्राव्यातीत ध्वनीने तपासणी होते. ती भेग वेळीच हेरण्यासाठीच! नवा पूल बांधला की समारंभ होतो. जुन्या पुलाचा सांधा तपासून नोंद करणाऱ्याचे नावही कोणी विचारत नाही. ही दृष्टी बदलली पाहिजे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. बांधकामाची बारीक तार घ्या. काही तुकडे प्रत्येक वेळी 90 अंशांतून आणि काही 45 अंशांतून मागेपुढे वाकवा. काही तुकड्यांवर कानशीने छोटी खाच पाडा. प्रत्येक तुकडा किती वेळा वाकवल्यावर तुटला, ते विद्यार्थ्यांनी मोजावे आणि आलेख काढावा. तुटलेले टोक तापलेले आणि धारदार असते, तेव्हा हात जपावा. इथे तार कायमची वाकते, म्हणून ती थोड्याच आवर्तनांत तुटते. आसाला लाखो लागतात. पण धडा तोच आहे. एकाच गुंडाळीतले दोन तुकडे सारख्याच आवर्तनांत तुटत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना दिसेल. अभियंता सुरक्षिततेसाठी एवढी राखीव मर्यादा का ठेवतो, हे त्यांना मग वेगळे सांगावे लागणार नाही. ही मोजणी एका तासात होते आणि तिला खर्चही जवळजवळ नाही.